कासवीची दृष्टी आणि वाळूतील ओल

आपल्या संतवाङ्मयात कासवीचा दृष्टान्त ठायी ठायी येतो. कासवी नदीच्या एका तीरावर, पिले दुसऱ्या तीरावर. तिच्यापाशी पाजावयास दूध नाही, पांघरावयास पंख नाहीत. ती केवळ दृष्टीने पिलांचे पोषण करते, अशी ती कल्पना आहे. कृपादृष्टी या शब्दाचा अर्थ मुलांच्या मनात उतरविण्यास याहून सुंदर प्रतिमा आम्हांस तरी ठाऊक नाही. वर्गात हा दृष्टान्त आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो आणि पुढेही त्याच आवडीने शिकवू. परंतु प्राणिशास्त्राच्या अंगाने पाहू जाता कासवी पिलांकडे पाहतसुद्धा नाही. ती काठावर खड्डा उकरते, अंडी घालते, मागच्या पायांनी माती सारखी करते आणि पाण्यात निघून जाते. त्यानंतरचे दोन-अडीच महिने आईचे काम तिघीजणी करतात : वाळू, ऊब आणि ओल. यांतील एकीने जरी हात आखडता घेतला, तरी अंड्यातील जीव अंड्यातच संपतो.

हा विषय कुटुंबीयांच्या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. कारण तो आता कुटुंबातच येऊन बसला आहे. आमच्या ग्वाल्हेरात, लष्कर भागातील कितीतरी घरांत काचेच्या टाकीत पोहणारी, कानापाशी लाल पट्टा असलेली कासवे दिसतात. बाजारातून आणली तेव्हा ती रुपयाच्या नाण्याएवढी होती. पाच-सहा वर्षांत ती ताटलीएवढी झाली आणि त्यांतील माद्या अंडी घालू लागल्या. मग पालक आणि मुले विचारावयास येतात. शाळेच्या मुख्याध्यापकास सर्व विषय येतात, असा एक गोड गैरसमज आपल्या समाजात अद्याप शिल्लक आहे. आम्ही मराठीचे विद्यार्थी. तथापि शाळेतील विज्ञानशिक्षकांच्या संगतीने आणि चंबळेच्या सान्निध्याने या विषयाची गोडी आम्हांस लागली, हे खरे.

प्रथम एका शब्दाची झाडाझडती घेणे भाग आहे. 'उबवणे' या क्रियापदात फक्त ऊब आहे, ओल नाही. कोंबडी अंड्यांवर बसते, एकवीस दिवस ऊब देते, चोचीने अंडी फिरवीत राहते. हे चित्र आपल्या मनात इतके पक्के आहे की सरपटणाऱ्या प्राण्याचे अंडे हाती येताच माणूस कोंबडीचेच अनुकरण करू लागतो. अंडे कापसात ठेवतो, वर दिवा लावतो आणि रोज हलक्या हाताने उलटून पाहतो. यांतील प्रत्येक कृती घातक आहे. पक्ष्याच्या अंड्यात पिलास पुरेल एवढे पाणी आईने आधीच भरून दिलेले असते, आणि उबवणीच्या काळात त्यातील थोडे उडून जाणे हेच इष्ट असते. कासवांच्या पुष्कळ जाती, बहुतेक सरडे आणि सर्प यांच्या अंड्यांचे कवच मात्र चामड्यासारखे लवचीक असते. ते भोवतालच्या मातीतून पाणी शोषून घेते आणि अंडे दिवसेंदिवस फुगत जाते. बागेतला साधा सरडा पावसाने भिजलेल्या भुसभुशीत मातीत दहा-वीस अंडी पुरतो, ती पिले निघण्याच्या वेळी घातली तेव्हापेक्षा ठळकपणे मोठी झालेली असतात. उलटपक्षी आपल्या भिंतीवरच्या पालीची अंडी पाहा. तसबिरीच्या मागे, बंद पडलेल्या घड्याळात, ग्रंथांच्या फळीवर ती दोन-दोन सापडतात. त्यांचे कवच चुनखडीसारखे कठीण असते, ते आतले पाणी जपून ठेवते; म्हणूनच कोरड्या फळीवरही त्यांतून पिले निघतात. एकाच घरातील ही दोन अंडी, पण त्यांची गरज अगदी भिन्न. 'सरपटणाऱ्या प्राण्याचे अंडे' असा सरसकट नियम म्हणून सांगता येत नाही. कवच कठीण की लवचीक, हे आधी पाहावे.

आपल्या पूर्वजांनी प्राण्यांचे जारज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे चार वर्ग केले होते. स्वेदज म्हणजे घामातून, ओलीतून जन्मणारे. कासव अंडजांत मोडते, हे उघड आहे; पण ते थोडेसे स्वेदजही आहे, असे आम्ही वर्गात विनोदाने म्हणतो.

आता आर्द्रतेचा हिशेब. एक घनमीटर हवेत वीस अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते. बत्तीस अंशांना ते प्रमाण सुमारे ३४ ग्रॅम, म्हणजे बरोबर दुप्पट होते. याचा अर्थ असा की वीस अंशांना काठोकाठ भिजलेली हवा नुसती तापवून बत्तीस अंशांवर नेली, तर त्यातील बाष्पाचा एक कणही कमी न होता तिची सापेक्ष आर्द्रता शंभरावरून पन्नास टक्क्यांवर येते. ती हवा आता तहानलेली आहे, आणि मिळेल तेथून, अंड्यातूनसुद्धा, पाणी ओढून घेईल. अंड्यांच्या डब्यावर दिवा लावणाऱ्याच्या ध्यानात हीच गोष्ट येत नाही. आमच्या ग्वाल्हेरीस तर मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो, लू वाहते आणि दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. ऊब देण्याचा प्रश्न आमच्याकडे नाहीच; ती आवरण्याचा आहे. परदेशी पुस्तकांत अंडी तापविण्याची यंत्रे वर्णिलेली असतात. ती ज्या देशांत लिहिली गेली तेथे ठीक. आम्हांस ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात उलट वाळ्याचे पडदे आणि माठाचे पाणी यांचा विचार करावा लागतो.

बाजारात मिळणारे छोटे आर्द्रतामापक यंत्र खरे बोलते की नाही, हे पाहण्याची एक घरगुती युक्ती आहे. बाटलीच्या झाकणात दोन चमचे साधे मीठ घ्यावे, त्यात थेंबथेंब पाणी घालून लापशीसारखे करावे. मीठ विरघळून जाता कामा नये, ओले मात्र झाले पाहिजे. हे झाकण आणि यंत्र एका घट्ट झाकणाच्या डब्यात शेजारी शेजारी ठेवून आठ-दहा तास डबा उघडू नये. खोलीच्या साधारण उष्णतामानात अशा डब्यातील हवेची आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर स्थिर होते, हा निसर्गनियम आहे. यंत्र ऐंशी दाखवीत असेल तर ते पाच अंक चढून बोलते असे समजावे आणि तेवढे वजा करीत जावे. आमच्या नववीच्या मुलांनी चार यंत्रे अशी तपासली, त्यांतील एकच बरोबर निघाले.

गेल्या उन्हाळ्यातील एक प्रसंग येथे सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण त्यात वरील सर्व गोष्टी प्रत्यक्ष पणास लागल्या. आमच्याच शाळेतील आठवीतील एक विद्यार्थिनी. घर जुन्या वाड्यात, घरात आजी, आई-वडील आणि एक लहान भाऊ. तिचे लाल पट्ट्याचे कासव दोन दिवस अस्वस्थ होते. खात नव्हते, टाकीच्या काचेला नखे घाशीत होते. मादीस जमीन हवी असल्याची ही खूण असते; जमीन मिळाली नाही तर ती अखेर पाण्यातच अंडी टाकते आणि पाण्यात बुडालेल्या अंड्यास श्वास घेता न आल्याने ती वाया जातात. मुलीने तिला अंगणात सोडले. सारे अंगण ओलांडून त्या मादीने जागा निवडली ती तुळशीवृंदावनाच्या कडेची, वाफ्यातील मऊ, रोज शिंपलेली माती. मागच्या पायांनी तिने तळहाताएवढा खड्डा केला आणि सात अंडी घातली.

मुलगी धावत आमच्याकडे आली. आम्ही गेलो तेव्हा अंगणात आजी तांब्या घेऊन उभ्या होत्या. "मास्तर," त्या म्हणाल्या, "रोजचं पाणी काही मी चुकवायची नाही. पोरीच्या कासवासाठी तुळस वाळवू की काय?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि मुलीची धडपडही चुकीची नव्हती. रोज तांब्याभर पाणी पडणाऱ्या त्या मातीत अंडी गुदमरली असती. अंड्याच्या कवचातून जसे पाणी आत येते तशीच हवाही येते. मातीचे कण पाण्याने भरून गेले की हवेची वाट बंद होते. तेव्हा अंडी हलविणे अपरिहार्य होते, आणि तेही त्याच दिवशी. कारण असे की अंडे घातल्यावर साधारण पहिल्या दिवसानंतर आतील गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस, आतल्या पापुद्र्यास चिकटतो. त्यापुढे अंडे उलटले की गर्भाची नाळ तुटल्यासारखी अवस्था होते. म्हणून अंडे जसे पडलेले असेल तसेच उचलावे, आधी वरच्या बाजूस मऊ शिसपेन्सिलीने फुली करावी आणि ती फुली अखेरपर्यंत आकाशाकडेच ठेवावी. आजींनी वृंदावनाची माती उकरण्यास परवानगी दिली. मात्र उकरण्यापूर्वी तुळशीस हळदकुंकू वाहून घेतले. मुलीने सातही अंड्यांवर फुल्या केल्या आणि ती एकेक करून डब्यात ठेवली.

डब्याची रचना अगदी साधी होती. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात रोपवाटिकेत मिळणारे व्हर्मिक्युलाइट दोनशे ग्रॅम आणि पाणी दोनशे ग्रॅम. मोजमाप वजनाने, वाटीने नव्हे, कारण व्हर्मिक्युलाइट कापसासारखे हलके असते आणि वाटीचा अंदाज हमखास फसतो. ते न मिळाल्यास धुतलेली नदीची वाळू चालते. मुठीत दाबली असता लाडू वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये, एवढी ती ओली असावी. अंडी त्यात अर्धी रुतवून ठेवावीत. झाकणास दोन बारीक भोके, आणि डबा किंचित कलता, म्हणजे झाकणाच्या आतल्या बाजूस जमलेले थेंब अंड्यांवर न पडता कडेने ओघळतील.

ओल टिकविण्याची खरी हातोटी पुढे आहे, आणि ती आम्हांस फार आवडते, कारण तिच्यात अंदाजास वावच नाही. पहिल्या दिवशी डब्यासकट सर्वांचे वजन करून ते वहीत लिहावे. दर आठवड्यास पुन्हा वजन करावे. अंड्यांनी माध्यमातून शोषलेले पाणी डब्यातच राहते, त्यामुळे त्याने वजन घटत नाही. घटते ते बाहेर उडून गेलेल्या पाण्याने. जितके ग्रॅम घट, तितके ग्रॅम पाणी डब्याच्या कडेने, अंड्यांना स्पर्श न होऊ देता घालावे. या निमित्ताने आठवड्यातून एकदा डबा क्षणभर उघडतो आणि ताजी हवा आत जाते, तेवढी पुरे होते. शेवटच्या पंधरवड्यात पिले मोठी होऊन अधिक श्वास घेऊ लागतात, तेव्हा दोनदा उघडावा. स्वयंपाकघरातील छोट्या काट्यावर हे सर्व होते. मात्र तो काटा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

हा शेवटचा मुद्दा थट्टेवारी नेण्याचा नाही. कासवांच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जातीचे जंतू असतात. कासव निरोगी दिसले तरीही असतात. अमेरिकेत लहान मुलांना त्यापासून आजार होऊ लागल्यामुळे १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकण्यास बंदी करण्यात आली. टाकीचे पाणी मोरीत ओतावे, भांडी घासण्याच्या जागी नव्हे, आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत. आजींच्या सोवळ्याने त्या घरात ही शिस्त आयतीच पाळली गेली.

मार्चच्या अखेरीस घातलेली अंडी होती ती. चैत्र सुखाने गेला. आठवड्याभरात पाच अंड्यांवर, फुलीच्या जागी, खडूसारखा पांढरा ठिपका उमटला आणि पसरत जाऊन त्याचा पट्टा झाला. गर्भ वाढत असल्याचे ते चिन्ह. उरलेली दोन पिवळसरच राहिली, तिसऱ्या आठवड्यात त्यांवर बुरशी चढली. ती निष्फळ होती, काढून टाकली. चांगल्या अंड्यास बुरशी सहसा धरत नाही, म्हणून घाबरून औषधे शिंपडण्याचे किंवा अंडी धुण्याचे कारण नसते. एका अंड्यास खळगा पडला. खळगा म्हणजे तहान; डब्याच्या त्या कोपऱ्यात थोडे अधिक पाणी दिल्यावर तो दोन दिवसांत भरून आला.

वैशाख लागला आणि परीक्षेचा काळ आला. खोलीतील पारा छत्तीस अंशांवर गेला. या कासवांच्या अंड्यांना अठ्ठावीस ते तीस अंश मानवतात. सतत चौतीस-पस्तीसच्या पुढे गेले की गर्भ दगावतो किंवा विकृत होतो. कूलर लावावा तर वीज दुपारी नेमकी जाते. वाड्यास तळघर होते, पूर्वी धान्य ठेवण्याचे. अलीकडे तेथे कोणी पाय ठेवीत नसे. वडिलांनी ते झाडून दिले. डबा एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवला, कुंडीभोवती गोणपाट गुंडाळून ते सकाळ-संध्याकाळ भिजविण्याचे काम धाकट्या भावाकडे आले. ओल्या गोणपाटावरून वाहणारी कोरडी हवा पाणी उडविते आणि उडणारे पाणी उष्णता घेऊन जाते. ज्या कोरडेपणाने अंडी सुकली असती, तोच कोरडेपणा अशा रीतीने त्यांना थंड ठेवू लागला. तळघरातील पारा बाहेर चव्वेचाळीस असताना तीस-एकतीसच्या दरम्यान राहिला. मुलीच्या वहीत त्या सर्व नोंदी आहेत, दिवसातून तीन वेळच्या.

त्या एक-दोन अंशांना आणखी एक अर्थ आहे, आणि तो ऐकून आजी प्रथम हसल्या व मग बराच वेळ गप्प बसल्या. या कासवांत पिलू नर होणार की मादी, हे उबवणीच्या मधल्या काळातील उष्णतामानावर ठरते. अठ्ठावीसच्या खाली बहुतेक नर, एकतीसच्या वर बहुतेक माद्या, मध्ये मिश्रण. उष्णतेवर लिंग ठरते ही गोष्ट १९६६ साली मादलेन शार्निए या फ्रेंच विदुषीने सेनेगलमधील एका सरड्याच्या अंड्यांवरून प्रथम दाखवून दिली. आपल्याकडील मगरीत याच प्रकाराची वेगळी तऱ्हा आहे. मद्रास क्रोकोडाइल बँकेत झालेल्या आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अठ्ठावीस ते एकतीस अंशांना सर्व माद्या आणि साडेबत्तीस अंशांना सर्व नर निघाले. सर्पांमध्ये मात्र आपल्यासारखेच गुणसूत्रांनी ठरते. तेथे उष्णतेचा काही संबंध नाही.

ऊब देणारी आई या जातीत मुळीच नाही असेही नव्हे. आपला अजगर पाहा. मादी अंड्यांची रास करून तिच्याभोवती वेटोळे घालते आणि हवा गार झाली की अंगाचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करते. लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने हिंदुस्थानात पाहिलेली ही गोष्ट पॅरिसच्या विद्वानांना सांगितली, तेव्हा त्यांनी ती अविश्वसनीय ठरविली. पुढे १८४१ साली वालाँसिएन या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या प्राणिसंग्रहातील अजगरीच्या वेटोळ्यात उष्णतामापक घालून ती खरी असल्याचे दाखविले. त्या वेटोळ्याचे दुसरे काम म्हणजे ओल धरून ठेवणे. आई उठून गेली की अंडी सुकू लागतात.

आमच्या चंबळेतील घडियालाची मादीही घरट्यापासून दूर जात नाही. घडियालास आपण सुसर म्हणतो. खरे तर मराठीत हा शब्द मगरीलाही सर्रास लावला जातो आणि त्यामुळे घोटाळा होतो. लांब अरुंद जबड्याची, नराच्या नाकाडावर घड्यासारखा फुगवटा असलेली, केवळ माशांवर जगणारी ती घडियाल. १९७०च्या दशकात भारतभर त्यांची संख्या दोनशेच्या आत आली होती. १९७५ साली मगर संवर्धनाची योजना सुरू झाली, चंबळेचे अभयारण्य झाले आणि मोरेन्यापुढे, धौलपूरच्या वाटेवर देवरी येथे अंडी उबवून पिले वाढविण्याचे केंद्र उभे राहिले. आम्ही मुलांच्या सहली तेथे नेतो. नदीकाठच्या घरट्यांतून दर साल सुमारे दोनशे अंडी आणली जातात. जी काळजी त्या आठवीतल्या मुलीने घेतली तीच तेथेही घेतली जाते : अंड्याची वरची बाजू वरच, भोवती घरट्यातलीच वाळू, आणि ओलीवर सतत लक्ष. पिले मीटर-सव्वामीटर लांबीची होईपर्यंत सांभाळून मग नदीत सोडतात.

घडियालाची मादी मार्चअखेर ते एप्रिलच्या आरंभी उंच वाळूच्या कडेवर हातभर खोल खड्ड्यात तीस-चाळीस किंवा अधिक अंडी घालते. वरची वाळू पायाला चटका देते, पण हातभर खाली नदीची ओल केशाकर्षणाने चढून आलेली असते; तेथे ना लू पोहोचते, ना पाण्याचा पूर. जागा दोन हात खाली असती तर पाण्याने गुदमरली असती, दोन हात वर असती तर सुकली असती. पिले मेअखेर ते जूनमध्ये, पावसाळ्यापूर्वी, निघतात. वाळूच्या आतूनच ती कुईकुई असा आवाज करतात, तो ऐकून आई घरटे उकरते. वाळूउपसा करणारे ट्रॅक्टर नेमकी हीच कड नेतात. त्या वाळूने घरे बांधली जातात, हे खरे. पण कडेतील ओलीचा तो एक थर तयार होण्यास नदीला किती पूर लागले असतील, याची मोजदाद कंत्राटदाराच्या वहीत नसते. २००७ साली घडियालाची नोंद जगातील अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली आणि त्याच हिवाळ्यात चंबळेत शंभराहून अधिक घडियाल मृत सापडले. साल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाल डोक्याच्या कासवाचाही शेवटचा मोठा आधार ही नदीच आहे. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर २००२ सालापासून सागरी कासवांची अंडी जपली जातात. गोव्यात मोरजी आणि गालजीबाग येथेही तेच काम चालते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण उत्साही मुले हे वाचतील. देशी कासव, सरडा, सर्प किंवा मगर यांची अंडी घरी आणून उबविणे हा गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे समाविष्ट आहे. भाग्य उजळते म्हणून कित्येक घरांत पाळले जाणारे चांदणीचे कासव २०२२च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत आहे. त्यास तीन ते सात वर्षांची कैद सांगितली आहे. कित्येक परदेशी जातींची नोंदणीही २०२४च्या नियमांनी आवश्यक झाली आहे. बागेत धामणीची अंडी दिसली तर पाला पूर्ववत् टाकून बाजूस व्हावे आणि भीती वाटत असल्यास वन विभागास कळवावे.

लाल पट्ट्याचे कासव मूळचे अमेरिकेतील, म्हणून त्यास या कायद्याचे छत्र नाही. त्याचा प्रश्न उलटा आहे. जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परकीय जातींत त्याची गणना होते. टाकी लहान पडू लागली की लोक त्यास तिघरा जलाशयात किंवा देवळाच्या कुंडात सोडून येतात आणि पुण्य केल्याच्या समाधानात घरी परततात. तेथे ते देशी कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते. म्हणून डबा भरण्यापूर्वीच आम्ही त्या मुलीस आणि तिच्या वडिलांस विचारले होते की निघालेली पिले वीस-तीस वर्षे सांभाळाल काय? नसेल जमत तर पहिल्याच दिवशी अंडी शीतकपाटात ठेवणे अधिक प्रामाणिक. गर्भ तेव्हा नुकताच सुरू झालेला असतो. वडील विचारात पडले. मुलीने त्याच संध्याकाळी गच्चीवरील जुन्या सिमेंटच्या हौदाची मापे काढून आणली : सहा फूट लांब, चार फूट रुंद. मग वडिलांनी होकार दिला.

सहासष्टाव्या दिवशी, जूनच्या आरंभी, पहिल्या अंड्यास चीर गेली. पिलाच्या नाकपुडीवर एक बारीक कठीण टोक असते, त्याने ते कवच फाडते आणि मग बहुधा दिवसभर तसेच, डोके बाहेर काढून, स्वस्थ पडून राहते. या वेळी धीर सुटलेली माणसे कवच सोलून मदत करावयास जातात. तसे मुळीच करू नये. पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी अजून बाहेर असते, ती आत ओढली जाईपर्यंत त्यास वेळ हवा असतो. घाईने ओढल्यास पिशवी फुटते. बाहेर आल्यावरही दोन-तीन दिवस ओल्या फडक्यावर ठेवावे. त्या अवधीत अन्न लागत नाही. चार पिले निघाली. पाचव्या अंड्यातील पूर्ण वाढलेले पिलू आतच गेले. आजींनी ते वृंदावनाशेजारी, पण वाफ्याच्या बाहेर, पुरावयास सांगितले.

चारही पिले आता हौदात आहेत. प्रत्येकाच्या पाठीच्या कडेस नखरंगाचा निरनिराळा ठिपका आहे आणि दर रविवारी त्यांचे वजन होते. नर की मादी हे इतक्यात कळत नाही. नराच्या पुढच्या पायांची नखे लांब होतात ती तीन-एक वर्षांनी, म्हणजे मुलगी अकरावीत जाईल तेव्हा. तळघरातील पारा तीस आणि एकतीस यांच्यामध्ये होता, त्यामुळे कोणताही अंदाज बांधता येत नाही. वहीतील त्या रकान्यात तिने चार प्रश्नचिन्हे काढून ठेवली आहेत.